रॅम अर्धी रिकामी, तरी कर्नल डेटाबेस का मारतो? (३२-बिट मशीन, रावेर)

केळीकाटा_रावेर

नमस्कार मंडळी. रावेरजवळ एका केळी व्यापाऱ्याकडे मी हिशेबही बघतो आणि वजनकाट्यावरचा कॉम्प्युटरही. मशीन जुनं आहे: कोअर २ ड्युओ, रॅम ४ जीबी, त्यावर ३२-बिट डेबियन १२ लिनक्स, पीएई वाला (३२-बिटवर जास्त रॅम वापरू देणारा) कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. गाडी काट्यावर आली की वजन मारियाडीबी या डेटाबेसमध्ये नोंदलं जातं आणि कॅमेरा गाडीचे, नंबर प्लेटचे, वर रचलेल्या घडांचे फोटो काढतो. एकेक फोटो लहान असतो, पण मागच्या अनेक हंगामांचे साठून फाइली लाखोंच्या घरात गेल्यात. रोज रात्री आरसिंक (फाइलींची नक्कल करणारा प्रोग्राम) लावून ते सगळं यूएसबी डिस्कवर उतरतं.

हल्ली आरसिंक चालू असताना मध्येच मारियाडीबी मरतं. कधी आपोआप परत उठतं आणि पुन्हा मरतं, कधी सकाळी मला हाताने उठवावं लागतं. पहाटे कापणी करून आलेली गाडी काट्यावर उभी असते, ड्रायव्हरला निघायची घाई, आणि इथे पावती निघत नाही.

कर्नलच्या लॉगमध्ये ओओएम किलरने (मेमरी संपली की एखादा प्रोग्राम मारणारी कर्नलची सोय) मारियाडीबी मारल्याची नोंद आहे. मागणी जीएफपी कर्नल, ऑर्डर ० (म्हणजे मेमरीचं ४ केबीचं एकच पान) अशी दिसते. पण त्याच नोंदीत खाली 'हायमेम' समोर सुमारे १.९ जीबी मोकळी लिहिली आहे! 'नॉर्मल' समोर मात्र मोकळी जागा 'मिन' या आकड्याच्याही खाली आहे. ४ जीबी स्वॅप (रॅम भरली की वापरायची डिस्कवरची जागा) दिलंय, ते जवळजवळ कोरंच पडलंय.

एक जण म्हणाला, उन्हाने रॅमची पट्टी गेली असेल. दुसरा म्हणाला, हे टाकून द्या आणि रास्पबेरी पाय ४ हा छोटा बोर्ड घ्या. मला आधी हे समजून घ्यायचंय की निम्मी रॅम रिकामी असताना कर्नल 'मेमरी संपली' का म्हणतो. आणि पायवर गेलो तर तिथेही हेच होईल का?

जामनेर_पीसी

स्वॅप ८ जीबी करा, स्वॅपिनेस (स्वॅपकडे किती वळायचं तो आकडा) ८० वर न्या. ओओएम आला की पहिला उपाय हाच. आणि मेमटेस्ट एकदा चालवून घ्या, आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतलं मशीन काय सोसतं ते आपल्याला माहीत आहे.

तापीकाठचा

केळीकाटा भाऊ, तुम्ही लॉगमधल्या नेमक्या दोन ओळी टिपल्यात आणि उत्तर त्यातच आहे. मी अमळनेरचा. माझं रोजचं काम छोट्या बोर्डांवर लिनक्स बसवायचं आहे, आणि हा प्रश्न मला फार जवळचा आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्वॅप वाढवून हे सुटणार नाही. पट्टी खराब असल्याचीही यात काही खूण नाही. खराब पट्टीने प्रोग्राम वेडेवाकडे कोसळतात, फाइली बिघडतात. रोज त्याच कामाच्या वेळी झोनचा (कर्नलने रॅमचे पाडलेल्या भागांचा) नीट हिशेब मांडून ओओएम येत नाही. तुमची मेमरी खरोखरच संपते आहे. फक्त ती सगळी रॅम नाही, कर्नलला स्वतःसाठी वापरता येणारी रॅम आहे.

३२-बिट प्रोसेसरवर एका वेळी पत्ते देता येतात ते एकूण ४ जीबीचे. लिनक्सने एक्स८६ वर त्याची नेहमीची वाटणी अशी केली: खालचे ३ जीबी चालू प्रोग्रामला, वरचा १ जीबी कर्नलला. त्या १ जीबीच्या पत्त्यांत कर्नल खरी रॅम सरळ, कायमची जोडून ठेवतो. त्यातलेही १२८ एमबी पत्ते त्याला तात्पुरत्या जोडण्या आणि व्हीमॅलॉकसाठी (विखुरलेली रॅम सलग दाखवायच्या सोयीसाठी) बाजूला ठेवावे लागतात. उरले ८९६ एमबी. तुमच्या रॅममधले पहिले ८९६ एमबी म्हणजे लोमेम. त्यातले अगदी पहिले १६ एमबी डीएमए (उपकरणांनी स्वतः रॅम वाचणं-लिहिणं) झोनमध्ये जातात, कारण जुन्या आयएसए कार्डांना २४ बिटांपलीकडचा पत्ता देताच येत नसे. बाकीचे 'नॉर्मल'. ८९६ च्या वरचं सगळं हायमेम.

हायमेममधलं पान कर्नलला सहज वाचता येत नाही. त्याला ते आधी आपल्या पत्त्यांत तात्पुरतं जोडावं लागतं, काम झालं की सोडावं लागतं. मारियाडीबीचा डेटा, फोटोंच्या आतला मजकूर, हे हायमेममध्ये मजेत राहू शकतं, कारण प्रोग्रामची स्वतःची पत्त्यांची व्यवस्था असते. कर्नलच्या स्वतःच्या वस्तूंना मात्र ती सोय नाही. आयनोड (फाइलीची माहिती), डेन्ट्री (फाइलीच्या नावाची नोंद), बफर हेड (डिस्कच्या ब्लॉकची नोंद), स्लॅबमधली (कर्नलच्या छोट्या वस्तूंच्या साठ्यातली) प्रत्येक चीज लोमेममध्येच लागते. आणि या वस्तू स्वॅपमध्ये जातच नाहीत. म्हणून तुमचं स्वॅप कोरं राहिलं. ते ८ जीबी केलंत तरी तेही कोरंच राहील.

आता रात्री काय होतं ते पाहा. आरसिंक प्रत्येक फाइलीला हात लावतो. हात लावला की कर्नल तिचा आयनोड आणि डेन्ट्री मेमरीत आणतो. ईएक्सटी४ चा एक आयनोड अर्ध्या केबीहून मोठा असतो. एक लाख फोटो म्हणजे मूळ डिस्क आणि यूएसबी डिस्क धरून दोन लाख आयनोड, शंभर एमबीच्या वर नुसते तेच. तुमच्याकडे फोटो एक लाख नाहीत, 'लाखो' आहेत. शिवाय डिरेक्टरीचे ब्लॉक, आयनोड टेबलं हा फाइल सिस्टीमचा आतला हिशेब ब्लॉक डिव्हाइसच्या कॅशेत येतो, आणि ती कॅशेसुद्धा लोमेममधूनच घेतली जाते. फोटो हायमेममध्ये, त्यांची वही लोमेममध्ये. म्हणूनच पाच मोठ्या फाइलींचा बॅकअप तुमच्या मशीनवर बिनतक्रार होईल आणि पाच लाख बारीक फाइलींचा होणार नाही, एकूण जीबी सारखे असले तरी.

एरवी हे आयनोड कर्नल टाकून देऊ शकतो. पण जे बदललेत आणि अजून डिस्कवर लिहिले गेले नाहीत, ते लिहून होईपर्यंत धरूनच ठेवावे लागतात. तुमची यूएसबी डिस्क हळू, लिहायची रांग लांब. मला यातलीच गाठ दिसते.

आणखी एक बारीक अडचण. आयनोड लोमेममध्ये, त्याच्या फाइलीची पानं हायमेममध्ये. हायमेम तर निवांत रिकामं आहे, तिथली पानं काढायला कोणालाच घाई नाही. पण पानं चिकटलेली असतील तर आयनोड सुटत नाही. कर्नल लिहिणाऱ्यांनी हे ओळखून हायमेम असलेल्या मशीनसाठी वेगळी अट ठेवली आहे: आयनोड काढताना त्याची पानंही सोबत काढायची. ६४-बिट मशीनला ती अट लागत नाही. इतक्या खोलवर कोणीतरी आपल्या जुन्या मशीनचा विचार करून ठेवलाय, हे वाचलं तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं.

लॉगमधल्या 'मिन'चा अर्थही सांगतो. प्रत्येक झोनला तीन रेषा असतात: मिन, लो, हाय. मोकळी जागा 'लो'च्या खाली गेली की केस्वॅपडी हा कर्नलचा सफाई कामगार जागा होतो आणि 'हाय' येईपर्यंत मागे बसून सफाई करतो. तरीही जागा 'मिन'ला टेकली तर ज्याला मेमरी हवी आहे त्यालाच सफाईला जुंपलं जातं. तुमचं मशीन मरण्याआधी गोठल्यासारखं वाटत असेल तर ते यामुळे. सफाईच्या ओळीने १६ फेऱ्या करूनही काही हाती लागलं नाही की ओओएम किलर. जीएफपी कर्नल म्हणजे 'मला कर्नलच्या कामासाठी हवी आहे', म्हणून ती मागणी हायमेमकडे वळवता येत नाही. तिथे १.९ जीबी असो की १९, या मागणीला त्याचा उपयोग शून्य.

आणि मारियाडीबीच का? किलर कोणाला निवडायचं ते प्रोसेसची रॅम, स्वॅप आणि पेज टेबल (पत्त्यांचा तक्ता) यांच्या बेरजेवर ठरवतो, त्यावर ओओएम स्कोअर ॲडजची (आपण प्रोसेसला लावतो त्या आकड्याची) सूट किंवा भर. कोणत्या झोनमधली रॅम, हे तो बघत नाही. मारियाडीबी सगळ्यात जाड, म्हणून ते गेलं. पण त्याची बहुतेक रॅम हायमेममध्ये होती. ते मारून लोमेममध्ये जेमतेम जागा झाली, म्हणून ते परत उठल्यावर पुन्हा मेलं. ज्याचा काही दोष नाही तो मारला जातो आणि टंचाई तशीच राहते, हा ३२-बिट मशीनवरचा खरा अन्याय आहे.

तपासायचं असेल तर आरसिंक चालू असताना फ्री कमांड 'मायनस एल' लावून बघा. लो आणि हाय वेगळे दिसतील. स्लॅबटॉपही (स्लॅबमध्ये कोण किती खातंय ते दाखवणारी कमांड) लावा, वर कोण बसलंय ते इथे टाका.

केळीकाटा_रावेर

तापीकाठचा दादा, मनापासून आभार. काल रात्री थांबून बघितलं. लोची एकूण जागा ८५० एमबीच्या आसपास आणि मोकळी २० एमबीच्या खाली घसरत होती; हाय मात्र १.८ जीबी मोकळं. स्लॅबटॉपमध्ये सगळ्यात वर ईएक्सटी४ आयनोड कॅशे, मग डेन्ट्री, मग बफर हेड. तुम्ही लिहिलं तसंच.

मग आता काय करू? रॅम वाढवू?

तापीकाठचा

रॅम मुळीच वाढवू नका. ऐकायला उलटं वाटेल, पण ३२-बिट कर्नलवर रॅम वाढवली की लोमेम *कमी* होतं. रॅमच्या दर ४ केबी पानामागे कर्नल एक छोटी नोंद ठेवतो, ३२-बिटवर ती साधारण ३२ बाइटची. ती नोंद लोमेममध्येच बसते. ४ जीबीला ३२ एमबी लागतात, १६ जीबीला १२८ एमबी. पीएईने ३६ बिटांचे पत्ते मिळतात, म्हणजे कागदावर ६४ जीबी; तेवढी रॅम लावली तर नुसत्या या नोंदींनाच ५१२ एमबी जातील आणि ८९६ मधलं उरेल ते बाकी सगळ्या कर्नलला.

एकेकाळी मोठमोठ्या सर्व्हरवर हीच झुंज होती. इंगो मोलनारने २००३ मध्ये ४जी/४जी नावाचा पॅच लिहिला: कर्नलला पूर्ण ४ जीबी पत्ते, प्रोग्रामलाही पूर्ण ४. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ३ मध्ये तो 'ह्यूजमेम' कर्नल म्हणून आला. किंमत अशी की प्रत्येक सिस्टीम कॉलला पत्त्यांचा तक्ता बदलायचा, टीएलबी (पत्त्यांच्या जोडण्यांची प्रोसेसरमधली कॅशे) रिकामा करायचा. मुख्य लिनक्समध्ये तो घेतला गेला नाही. फ्रीबीएसडीने मात्र १२.० मध्ये, २०१८ साली, ३२-बिट एक्स८६ साठी तशीच वाटणी स्वीकारली.

तुमचा उपाय याहून सोपा आहे. तुमचा प्रोसेसर ६४-बिटचा आहे! प्रॉकमधल्या सीपीयूइन्फोत 'एलएम' हा फ्लॅग शोधा, कोअर २ ड्युओवर तो असतोच. सगळं नव्याने बसवायचीही गरज नाही. डीपीकेजीला (डेबियनच्या पॅकेज व्यवस्थेला) एएमडी६४ (६४-बिट पीसी) हे आर्किटेक्चर जोडा, यादी ताजी करा, आणि एएमडी६४ चा कर्नल घाला. खालचा कर्नल ६४-बिट, वरचं मारियाडीबी, काट्याचा प्रोग्राम, सगळं ३२-बिटच राहू द्या. जुना कर्नल ग्रबमध्ये (बूटच्या यादीत) ठेवा, काही अडलं तर परत यायला. काट्याच्या सिरियल कार्डाचा वेगळा ड्रायव्हर स्वतः कंपाइल करून घातला असेल, तर तेवढा नव्या कर्नलसाठी पुन्हा करावा लागेल. ते आधी तपासा.

६४-बिट एक्स८६ वर कर्नलला सगळी रॅम सरळ जोडायला ६४ टीबी पत्ते आहेत. हायमेम हा प्रकारच उरत नाही. आयनोड कुठेही बसेल. वस्तू थोड्या फुगतात हे खरं: पॉइंटर दुप्पट, पानामागची नोंद ३२ ऐवजी ६४ बाइट, म्हणजे ४ जीबीला ६४ एमबी. तुमच्यासारख्या कामाला हा सौदा डोळे झाकून करण्यासारखा आहे.

तोवर रात्र निभावायला: डर्टी बाइट्सची मर्यादा कमी करा, काही दहा एमबीवर आणा, म्हणजे न लिहिलेल्याचा ढीग साचणार नाही. व्हीएफएस कॅशे प्रेशर १०० वरून २०० करा, म्हणजे आयनोड आणि डेन्ट्री लवकर सोडले जातील. आरसिंक वर्षवार फोल्डरांवर वेगवेगळा चालवा. हे सगळे टेकू आहेत, उपाय नव्हे.

धुळे_ठिबकवाला

बठ्ठं समजनं भाऊ. पण पायचं राहिलं. मी ठिबकच्या व्हॉल्व्हसाठी पाय ४ वापरतो, ४ जीबीचा. सुरुवातीला ३२-बिट ओएस होती. तिथे बूटच्या नोंदीत लोमेम ७६० एमबी लिहून यायचं, ८९६ नाही. पायच्या एआरएम प्रोसेसरवर आकडा वेगळा का?

तापीकाठचा

छान निरीक्षण आहे. वाटणी तीच, ३ आणि १. पण ३२-बिट एआरएमवर व्हीमॅलॉकसाठी नेहमीच्या मांडणीत २४० एमबी बाजूला ठेवतात, आणि थोडी पट्टी इतर कामाला. उरतात ७६०. ३२-बिट पॉवरपीसीवर नेहमीची मर्यादा ७६८ एमबी. हे सगळे माणसांनी ठरवलेले आकडे आहेत. कर्नल पुन्हा बांधून २ आणि २ अशी वाटणी केली तर लोमेम वाढतं आणि प्रोग्रामची जागा तेवढी घटते.

मिप्स या प्रोसेसरचं मात्र निराळं आहे. तिथे ३२-बिटमध्ये प्रोसेसरनेच पत्त्यांचे ठरावीक पट्टे पाडून दिलेत. केसेग० नावाचा ५१२ एमबीचा पट्टा सरळ रॅमला जोडलेला, त्यात टीएलबीची गरजच नाही. कर्नलचं लोमेम त्या ५१२ मध्येच. वाटणी बदलायची म्हटली तरी बदलता येत नाही, ती सिलिकॉनमध्ये कोरलेली आहे.

पाय ४ वर ६४-बिट कर्नल घाला, हायमेमचा प्रश्न संपला. कॉन्फिगमध्ये एआरएम ६४-बिट १ केलं की वर ३२-बिट प्रोग्राम ठेवूनही चालतं. पण पाय ४ ची स्वतःची एक खोड आहे: त्याच्या चिपमधल्या बऱ्याच उपकरणांना डीएमएने रॅमचा फक्त पहिला १ जीबी गाठता येतो. त्यासाठी लिनक्स ५.५ पासून एआरएम६४ वर १ जीबीपर्यंतचा वेगळा डीएमए झोन आला, त्यावर ४ जीबीपर्यंतचा डीएमए३२. म्हणजे ६४-बिटवरही 'हाताशी असलेली' आणि 'लांबची' रॅम हा भेद पुसला गेलेला नाही. फक्त आता हात आखूड आहे तो उपकरणाचा, कर्नलचा नाही.

इथे कर्नलचा एक चांगला नियम आहे. फक्त डीएमए झोनमधूनच हवी अशी मागणी अडली तर ओओएम किलर कोणाला मारत नाही, मागणी नाकारली जाते. कारण भलताच प्रोसेस मारून त्या चिंचोळ्या पट्टीत जागा होईलच असं नाही. केळीकाटा भाऊंच्या 'नॉर्मल' झोनला हा नियम लागू झाला असता तर मारियाडीबी वाचलं असतं, पण मग कर्नलची रोजची कामंच अडून बसली असती. म्हणून तिथे किलर येतो.

नंदुरबार_केबल

मिप्सचं निघालं म्हणून विचारतो. आमच्याकडे घरोघरी लावलेल्या राउटरमध्ये मिप्सच आहे, रॅम १२८ एमबी. ओओएम तिथेही येतो. तिथे तर ५१२ च्या खालीच सगळी रॅम आहे!

तापीकाठचा

तुमची टंचाई खरी टंचाई आहे. १२८ एमबी पूर्ण लोमेम, हायमेम शून्य, आणि तरी पुरत नाही. तिथे झोनचा विचार सोडा आणि खाणारा शोधा. बहुतेक वेळा कनेक्शन ट्रॅकिंगचा (चालू जोडण्यांच्या नोंदींचा) तक्ता अवाजवी मोठा ठेवलेला असतो, किंवा लॉग टीएमपीएफएसमध्ये साठत जातो; टीएमपीएफएस म्हणजे रॅमच. झेडरॅम लावून बघा, रॅममध्येच दाबून ठेवलेलं स्वॅप. फ्लॅशवर स्वॅप करू नका, ती झिजते. आणि बाहेरच्या जोडणीचं काम करणाऱ्या डेमनला (मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामला) ओओएम स्कोअर ॲडज उणे १००० द्या, म्हणजे किलर त्याला वगळेल. नाहीतर अख्ख्या गल्लीचे फोन तुम्हाला येतील.

जामनेर_पीसी

स्वॅपबद्दलचं पटलं. विंडोजवर अशी मारामारी का दिसत नाही मग? तिथेही ३२-बिट होतंच की.

तापीकाठचा

विंडोजने ३२-बिटवर २ आणि २ अशी वाटणी केली होती, बूट.आयएनआयमध्ये ३जीबीचा स्विच देऊन ३ आणि १ करता यायची. तो दिला की कर्नलचे पूल (त्याचे मेमरीचे साठे) आक्रसायचे आणि सर्व्हरवर नेमका हाच त्रास निघायचा. ओओएम किलर तिथे नाही, कारण विंडोज रॅम आणि पेजफाइलच्या बेरजेपलीकडे वचनच देत नाही. मागतानाच नकार मिळतो. लिनक्स नेहमीच्या मांडणीत जवळ असेल त्याहून जास्त वचनं देतो, कारण बहुतेक प्रोग्राम मागितलेलं सगळं वापरत नाहीत. ओव्हरकमिट मेमरी २ केलं तर लिनक्सही कडक हिशेब ठेवतो. पण केळीकाटा भाऊंचं दुखणं त्यानेही बरं झालं नसतं, कारण आयनोड त्या हिशेबात धरलेच जात नाहीत.

केळीकाटा_रावेर

एलएम फ्लॅग होता. रविवारी काटा बंद असताना ६४-बिट कर्नल घातला. काट्याचा ड्रायव्हर कर्नलमधलाच निघाला, काही करावं लागलं नाही. त्या रात्रीपासून आरसिंक पूर्ण होतोय आणि मारियाडीबी जागेवर आहे. फ्री कमांडमध्ये आता हाय शून्य दिसतं. स्लॅब मात्र दीड जीबीपर्यंत चढतो. तो वाढत जाऊन पुन्हा तेच होणार नाही ना?

तापीकाठचा

नाही. तो तसाच चढायला हवा, रिकाम्या रॅमचा तो उपयोग आहे. मेमइन्फोत 'एसरिक्लेमेबल' आणि 'एसअनरिक्लेम' असे दोन आकडे वेगळे मिळतील. पहिला मोठा असू दे, गरज पडली की कर्नल तो सोडतो. दुसरा दिवसागणिक वाढताना दिसला तरच इथे लिहा. मोकळं किती आहे ते 'फ्री'वरून न बघता 'अव्हेलेबल'वरून बघा.

आणि एक: डेबियन १३ पासून ३२-बिट पीसीसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर मिळत नाही. कर्नल ६४-बिटचा झालाच आहे, तर केळीचा हंगाम सरला की वरचे प्रोग्रामही निवांत ६४-बिटवर न्या. डेटाबेसचा डंप आधी काढून यूएसबी डिस्कवर ठेवा.